मिनॉक्सिडिल ५% : दहा महिने लावल्यानंतर

गेल्या गणपतीत भाचीने वरून काढलेल्या एका फोटोत माझा भांग दिसला आणि मी गप्पच झाले, बोटभर रुंद, मधे नुसती कातडी. वय ४१. आईचाही असाच होत गेला होता. कांद्याचा रस, जास्वंदीचं तेल सगळं करून झालेलं, शेवटी स्किनच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी थायरॉइड आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) तपासून घेतलं, दोन्ही नॉर्मल, म्हणाल्या आनुवंशिक आहे, बायकांची पुढची रेघ टिकते पण भांगाभोवती विरळ होत जातं. मिनॉक्सिडिल हे केसांसाठी डोक्याला लावायचं औषध दिलं, रात्री एकदा १ मिली लावा.

सासूबाई घाबरल्या, बीपीचं औषध डोक्याला कशाला. खरंच ते आधी बीपीच्या गोळीत होतं, गोळी घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले म्हणून डोक्याला लावायचं निघालं, अमेरिकेत १९८८ मध्ये पुरुषांसाठी मंजूर झालं.

आता खरं सांगायचं ते दुसऱ्या महिन्याचं. तिसऱ्या आठवड्यापासून केस इतके गळायला लागले की कंगव्यातलं गुंतवळ मुठीत मावेना, न्हाणीघराची जाळी रोज तुंबायची, मी एका रात्री बाटली उचलून कचऱ्यात टाकली पण होती. सकाळी डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या जे केस आधीच गळायच्या बेतात होते ते नवीन केस ढकलून काढतात, सहा-आठ आठवड्यांत थांबेल. नवीन बाटली आणली. अडीच महिन्यांनी थांबलं. हे कुणी आधी सांगितलं असतं तर त्या रात्री मी रडले नसते, म्हणून एवढं लिहितेय.

खाज मात्र खूप सुटली, कोंड्यासारखे पापुद्रे निघायचे. सोल्युशनमधलं, म्हणजे पातळ औषधातलं, प्रोपिलीन ग्लायकॉल हे द्रावक काहींना सोसत नाही, मला फोमवर, म्हणजे त्याच औषधाच्या फेसावर, आणल्यावर आठवड्यात कमी झालं. लावताना केस कोरडे हवेत, आणि भांग पाडून कातडीला लावायचं, केसांना नाही. मी सुरुवातीला झोपायच्या अगदी तोंडावर लावायचे, ते उशीवरून तोंडाला लागत असावं, कानशिलावर चांगलीच लव आली. आता जेवणाआधी लावते, हात साबणाने धुते, लव कमी झालीये.

चौथ्या महिन्यापर्यंत काहीही फरक नाही. सहाव्यात भांगाच्या कडेला इंचभराचे उभे राहिलेले केस दिसले, तेलाचा हात फिरवला तरी बसेनात. दर महिन्याला त्याच खिडकीपाशी फोटो काढते, आज भांग निम्म्याने अरुंद दिसतो. पूर्वी होता तसा दाट शेपटा नाही येणार हे मला कळतं, पण गजरा माळताना पिना आता धरतात.

माझा भाऊ दिवसातून दोनदा लावतो. त्याला टाळूवर छान आले, कपाळाच्या कोपऱ्यांत फारसे नाही. मधे बदली झाली तेव्हा चार महिने बंद केलं तर आलेले सगळे गेले. लावाल तोवरच टिकतं, महिन्याचा खर्च बघूनच सुरू करा. गरोदर असाल, बाळाला पाजत असाल तर अजिबात नको, आणि छातीत धडधडलं किंवा चक्कर आली तर बंद करून डॉक्टरांना विचारा.

घरात मांजर असेल तर फार जपा. मांजराने हे चाटलं तर थोड्यानेसुद्धा जीव जाऊ शकतो. आमची मनी आधी माझ्या उशीवर झोपायची, आता रात्री तिचा पाट हॉलमध्ये असतो आणि उशीचा अभ्रा मी सकाळी लगेच काढून ठेवते.