गोचीड तापासाठी मेंढरांचं रक्त तपासलं, लॅबचा अनुभव

आम्ही पट्टणकोडोलीकडचे, घरची ऐंशीएक दख्खनी मेंढरं. पाऊस सरता सरता यंदा गोचीड लई झाली आणि तीन मेंढ्या चारा सोडून मागं रेंगाळायला लागल्या, ताप १०६, डोळ्याची आतली कातडी पांढरीफटक, खांद्याम्होरची गाठ लिंबाएवढी सुजलेली. आधी दुसरीकडं रक्त दिलं तर रिपोर्टात काहीच नाही, आणि चौथ्या दिवशी त्यातली एक गेली. गाभण होती.

मग कोल्हापूरच्या या लॅबमध्ये आलो. मॅडमनी पैशाचं बोलायच्या आधी विचारलं, इंजेक्शन देऊन रक्त काढलं का देण्याआधी, आणि नळी कशातनं नेली? इंजेक्शन आधी मारलेलं आणि नळी दुपारभर गाडीच्या डिकीत होती हे सांगितलं तर म्हणाल्या औषध गेल्यावर जंतू कमी होतात मग सापडत नाहीत, आणि उन्हानं रक्ताच्या पेशीच फुटतात. ताप चढलेला असताना औषधाच्या आधी कानाच्या कडेच्या बारीक शिरेतला थेंब तिथंच काचपट्टीवर पातळ ओढून वाळवायचा, बाकीचं रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत घालून बर्फाच्या डब्यातनं आणायचं. पट्ट्या आणि नळ्या त्यांनीच दिल्या.

तोवर आजून दोन मेंढ्या तापल्या होत्या, त्यांचं तसंच नेलं. संध्याकाळी दुर्बिणीतनं मला दाखवलं, तांबड्या पेशीत जांभळे बारीक ठिपके, काही अंगठीसारखे. थायलेरिया, गोचिडीतनं रक्तात जाणारा जंतू! हे नाव कळणं लई महत्त्वाचं, कारण त्याला बुपार्वाकोन हे औषध लागतं, आणि गोचीड तापाच्याच दुसऱ्या जंतूंना वेगळं, बबेसियाला डिमिनाझिन, ॲनाप्लाझ्माला टेट्रासायक्लिन, आणि ताप, अशक्तपणा तर तिन्हीत दिसतो. डॉक्टरांनी वजनावर डोस दिला, दोन्ही वाचल्या.

धडधाकट दिसणाऱ्या पाच मेंढ्यांची पीसीआर, म्हणजे रक्तात जंतूचा डीएनए शोधायची तपासणी, पण केली, तीन पॉझिटिव्ह. त्यांच्या अंगात जंतू इतके थोडे असतात की काचपट्टीवर हुकतात, पण गोचीड तिथनंच उचलून दुसरीला देते. म्हणून सगळ्या कळपावर आणि वाड्याच्या भेगांत फवारणी केली.

तक्रार एवढीच की पीसीआर बाहेर पाठवतात, आठ दिवस लागले, आणि हे आधी सांगितलं नाही, आमचा कळप चरत फिरतो, एका जागी आठ दिवस थांबत नाही. रिपोर्ट पण नुसता इंग्रजीत. चार स्टार देतोय, खाली दोन ओळी मराठीत लिहून द्या मॅडम, आमच्या आबांना वाचता येईल.