पडसं की फ्लू?

पडसं सांगून येतं. आधी घसा खवखवतो, मग नाक गळतं, दुसऱ्या दिवशी शिंका. मोठ्या माणसाला फार तर कणकण. रुमाल खिशात कोंबून तो कामाला जातोच. फ्लूचं तसं नाही. दुपारी व्यवस्थित डबा खाल्लेला माणूस संध्याकाळी दोन चादरी घेऊन कुडकुडत असतो. ताप १०२-१०३, डोळ्यांच्या खोबणी ठणकतात, पिंढऱ्या कुणी बडवून काढल्यासारख्या. नाक मात्र बऱ्याचदा कोरडंच! म्हणून मी नाकापेक्षा पायांना विचारतो: जिना चढवतोय का?

पडशामागे बहुधा ऱ्हायनोव्हायरस असतो. गुळण्या, आराम, आठवडाभर सुंसूं, एवढंच. फ्लूवर ओसेल्टामिविर हे औषध आहे, पण पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर खरा उपयोग. गरोदर बायका, म्हातारी माणसं, दमा-मधुमेहवाले यांनी 'उद्या बघू' म्हणू नये. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने पुण्यात बळी घेतला, तेव्हा अख्खं शहर तोंडाला रुमाल बांधून फिरत होतं.

फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू रूप बदलतो; पडशाला लसच नाही. अँटिबायोटिक तर दोन्ही विषाणूंवर निरुपयोगी, तरी मेडिकलमध्ये 'ती तीन दिवसांची गोळी द्या' म्हणणारे रोज दिसतात.

धाप लागली किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला, तर मात्र थेट दवाखाना.