मुलाचा ताबा: दावा लढवावा की समझोता करावा?

मी इंदूरचा. आम्ही नवरा-बायको वेगळे झालो तेव्हा मुलगी तिसरीत होती. आधी १८९० च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्टखाली ताब्याचा अर्ज, मग मध्यस्थी, अशा दोन्ही वाटा आम्ही चाललो. मी वकील नाही, त्यामुळे हे एका बापाचं मत समजा.

मुलाचं हित सर्वांत वर, हे दोन्हीकडे सारखंच. आई म्हणून किंवा बाप म्हणून माझा हक्क, असं धरून कुठेही जाऊ नये.

दाव्याचा जोर अंतरिम हुकुमात, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या हुकुमात आहे. समोरचा माणूस मूल भेटूच देत नसेल, परगावी घेऊन गेला असेल, घरात मारहाण असेल, तर मध्यस्थीत दिवस घालवू नका, सरळ अर्ज करा. बायकांना आणि मुलांना विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. मूल समजतं असेल तर त्याला कुणाकडे राहायचंय हेही न्यायाधीश विचारात घेऊ शकतात.

पण माझं मन फिरलं ते एका सणामुळे. अंतरिम हुकुमात भेटीचे वार ठरलेले होते, दुसरा आणि चौथा शनिवार. अनंत चतुर्दशीला इंदुरात गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, रात्रभर निघतात. मुलीला त्या माझ्याबरोबर बघायच्या होत्या आणि तो दिवस शनिवार नव्हता. तिच्या आईची हरकत नव्हती. तरी दोघांचेही वकील म्हणाले, हुकुमाबाहेर काही करू नका, उद्या तेच अंगावर येईल. रीतसर अर्ज दिला. पेशी, म्हणजे सुनावणीची तारीख, लागली ती झांक्या होऊन गेल्यानंतरची. यात कुणाचा दोष काढत नाही, पण लेकराची हौस अशी तारखेवर टांगलेली मला सहन झाली नाही.

मध्यस्थीत आम्ही हेच सगळं बसून लिहून काढलं. अनंत चतुर्दशी एक वर्ष माझ्याकडे, एक वर्ष तिच्याकडे. दिवाळीची सुट्टी निम्मी-निम्मी. ताप आला तर त्याच दिवशी कळवायचं. रोज रात्री व्हिडिओ कॉल. २०२० च्या यशिता साहू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही, ताबा नसलेल्या पालकाला रोज ५-१० मिनिटं मुलाशी बोलता यावं, असं म्हटलंय. आणि आमच्या समझोत्यातलं सगळ्यात उपयोगाचं कलम हे, की दोघांनी व्हॉट्सॲपवर होकार दिला तर दिवस बदलता येईल, अर्ज नको.

समझोत्यातही धोका आहे. एक जण दबून राहणारा असेल तर त्याच्याकडून काहीही कबूल करून घेतलं जातं. मुलाच्या पोटगीवर पाणी सोडू नका. तो हक्क मुलाचा आहे, आईबापांच्या सहीने संपत नाही. आणि समझोता कोर्टात दाखल करून त्याचा हुकूम करून घ्या, नाहीतर तो नुसता कागद. मूल मोठं होईल तसा बदल मागता येतो, ताब्याचा हुकूम कायमचा नसतो.

ज्याची त्याची परिस्थिती वेगळी, हे खरंच. तरी मूल सुरक्षित असेल आणि समोरचा निदान फोन उचलत असेल, तर मी आधी मध्यस्थीकडेच जाईन. दावा लागलेला असला तरी पुढच्या पेशीला तशी विनंती करा. समेटाचा प्रयत्न करणं हे फॅमिली कोर्टाचं १९८४ च्या कायद्यानेच ठरवलेलं काम आहे.