किंक्स की झॉम्बीज?

भाच्याने विचारलं, “मामा, साठच्या दशकातलं बीटल्सपलीकडचं ऐकायचंय. किंक्स घेऊ की झॉम्बीज?”

दोन्ही ब्रिटिश रॉक बँड. वेळेचं गणित सोपं. झॉम्बीजचे त्या दशकातले स्टुडिओ अल्बम दोनच, एका रविवारात संपतात. किंक्सना महिना द्यावा लागतो.

आवाजात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरचा पडदा चक्क ब्लेडने चिरला. तीच खरखर १९६४ मध्ये ‘यू रिअली गॉट मी’ला ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर घेऊन गेली. झॉम्बीजकडे रॉड आर्जंटचा कीबोर्ड आणि कॉलिन ब्लनस्टोनचा धुरकट गळा.

नशीब दोघांचंही फुटकं. किंक्सना १९६५ ते १९६९ अमेरिकेत दौराच करता आला नाही. झॉम्बीजचं ‘टाइम ऑफ द सीझन’ १९६९ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत तिसरं आलं, तेव्हा बँड मोडून वर्ष उलटलं होतं!

माझं माप किंचित किंक्सकडे झुकतं. त्यांचं ‘सी माय फ्रेंड्स’ मुंबईत पहाटे ऐकलेल्या कोळ्यांच्या गाण्यावरून सुचलं, असं त्यांचा गायक-गीतकार रे डेव्हिस सांगतो.

तरी फक्त सुरावट हवी असेल, शब्दांशी झटायचं नसेल, तर झॉम्बीज. गाण्यात माणसं, गोष्टी, चिमटे हवे असतील तर किंक्स.