उपचाराचे पैसे कोण भरणार? ठाणे-नवी मुंबईतील कुटुंबांसाठी मानसिक आजाराच्या उपचारांचा तुलनात्मक आढावा

घरातल्या एखाद्याला स्किझोफ्रेनिया, बायपोलर विकार किंवा वारंवार उलटणारे नैराश्य असल्याचे निदान झाले की पहिल्या आठवड्यात सगळे घर एकच चौकशी करत असते, ती म्हणजे चांगला डॉक्टर कोण. ही चौकशी रास्त आहे, पण त्याआधी या उपचाराचे पैसे कोण भरणार आणि तो ते किती वर्षे भरू शकणार, हे विचारायला हवे. हे आजार अपेंडिक्ससारखे एका शस्त्रक्रियेने संपत नाहीत. औषध अनेकदा वर्षानुवर्षे चालते आणि त्या काळात नोकरी, घरभाडे, मुलांच्या शाळा हे सारे चालूच राहते. धाकट्या भावाच्या आजारपणात आमच्या घराने सरकारी, खासगी आणि ट्रस्टचे असे तिन्ही दवाखाने पाहिले. पैसे देणारा आजाराच्या ज्या भागासाठी पैसे मोजतो, तेवढाच भाग तिथे नीट सांभाळला जातो, हे प्रत्येक ठिकाणी जाणवले.

ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालचे आहे. येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी यांच्यासह राज्य शासनाची अशी चार रुग्णालये आहेत. तिथला खर्च अर्थसंकल्पातून येतो, त्यामुळे रुग्ण आठ दिवस राहिला काय आणि दोन महिने राहिला काय, कुटुंबावर बिलाचा डोंगर चढत नाही आणि पैसे संपले म्हणून अर्धवट बरा झालेला माणूस घरी पाठवण्याची वेळ येत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क झाले आहेत. तीव्र, हिंसक किंवा वारंवार उलटणाऱ्या आजारात ही व्यवस्था फार मोठा आधार आहे. 'याला ठाण्याला पाठवा' असे सहज बोलणाऱ्यांनी त्या बाह्यरुग्ण विभागात एक सकाळ बसून पाहावे. तिथे रांगेत असतात त्या आपल्यासारख्याच आया, भाऊ आणि बायका.

मात्र अर्थसंकल्पातला पैसा मुख्यतः खाटा, वेतन, जेवण आणि औषधे यांसाठी असतो. डॉक्टर थोडे आणि रांग मोठी असल्यामुळे एका रुग्णाच्या वाट्याला काही मिनिटेच येतात, समुपदेशनाला वेळ उरत नाही आणि रुग्ण घरी गेल्यावर तो गोळ्या घेतो की नाही हे पाहायला कोणी येत नाही. खाटेसाठी पैसे आहेत, पण खाट आणि घर यांच्या मधल्या पायरीसाठी जवळपास नाहीत. त्यामुळेच बरे झालेले कितीतरी रुग्ण, घरच्यांनी परत न नेल्याने, अशा रुग्णालयांत वर्षानुवर्षे राहिले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, केवळ कुटुंब नाही किंवा कुटुंब स्वीकारत नाही म्हणून कोणालाही संस्थेत ठेवता येणार नाही असे स्पष्ट सांगितले. मधल्या निवाऱ्यांची सोय मात्र त्या वेगाने झालेली नाही.

खासगी मानसोपचारतज्ज्ञाकडे चित्र उलटे असते. नौपाडा असो, घोडबंदर रस्ता असो की वाशी, संध्याकाळची वेळ मिळते, डॉक्टर दर वेळी तोच असतो, रजा घ्यावी लागत नाही आणि ओळखीच्यांच्या नजरा टाळता येतात. हे फायदे किरकोळ नाहीत. एकच डॉक्टर सलग काही वर्षे पाहतो तेव्हा आजार उलटण्याची पहिली चाहूल त्याला लवकर लागते, आणि मला स्वतःला खासगी उपचाराचा हाच सर्वांत मोठा गुण वाटतो. पण इथे प्रत्येक भेटीचे वेगळे पैसे असतात आणि त्या अर्थकारणाचा उपचारावर परिणाम होतो. औषध लिहून देणे थोड्या वेळात होते. बोलून करायचे उपचार दर आठवड्याला पाऊण-एक तास मागतात आणि त्यांचे शुल्क निराळे असते. साहजिकच ज्याच्या खिशाला परवडते त्याला संवाद मिळतो आणि बाकीच्यांना फक्त गोळी मिळते, मग आजार दोघांचा एकच का असेना. शिवाय घरची मिळकत आटली की पहिली काट बसते ती 'आता तर बरा दिसतोय' म्हणून या भेटींवर. आमच्याकडे नेमके हेच झाले आणि पाच महिन्यांत भावाचा आजार उलटला.

विमा असल्यामुळे निश्चिंत असणाऱ्यांनी येथे विशेष लक्ष द्यावे. २०१७ च्या कायद्याने शारीरिक आजाराच्या धर्तीवरच मानसिक आजारालाही विमा द्यावा असे बंधन घातले आणि ऑगस्ट २०१८ मध्ये विमा नियामकाने कंपन्यांना तसे कळवले. तत्त्वतः हा मोठा विजय आहे. व्यवहारात बहुतेक आरोग्य विमा रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे देतो, आणि मानसिक आजाराचा बराचसा उपचार दाखल न होताच होतो. म्हणजे आजार उलटून रुग्णाला भरती करावे लागले तर विमा पैसे देतो, पण तो उलटू नये म्हणून घेतलेल्या औषधांचे आणि भेटींचे सहसा देत नाही. पॉलिसी घेताना बाह्यरुग्ण खर्चाचे कलम वेगळे वाचावे आणि आधीपासूनचा आजार लपवू नये. अशा आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे ज्या काळात त्याचा दावा मिळत नाही तो काळ, आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा असू शकतो. खोटी माहिती दिल्यास मात्र ऐन वेळी दावा नाकारला जाण्याचा धोका राहतो.

वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कामगारांसाठी याहून चांगली, पण फारशी माहीत नसलेली सोय कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय) आहे. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के वर्गणी जाते, आणि त्यावर त्याला व त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांना उपचार मिळतात. वेतन बुडाल्यास आजारपणाचा लाभ ९१ दिवसांपर्यंत असतो. त्यापुढे, दीर्घ आजारांच्या ठरलेल्या यादीतला आजार असल्यास, वेतनाच्या ८० टक्के रक्कम कमाल दोन वर्षांपर्यंत मिळू शकते, आणि त्या यादीत सायकोसिस, म्हणजे स्किझोफ्रेनियासारखे गंभीर मनोविकार, आहेत. त्यासाठी या योजनेखाली सलग दोन वर्षांची नोकरी आणि पुरेशी वर्गणी या अटी आहेत. म्हणून घाबरून किंवा साहेबांच्या दबावाखाली राजीनामा देऊ नये. राजीनाम्याबरोबर पगार जातोच, पण आजारासाठी केलेली ही तरतूदही हातची जाते. सरकारी आस्थापनेतील कर्मचाऱ्यांना २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे संरक्षण आहे. सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून कामावरून काढता येत नाही, दुसऱ्या योग्य पदावर त्याच वेतनश्रेणीत सामावून घ्यावे लागते, आणि या कायद्यात मानसिक आजाराचाही समावेश आहे.

वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये, जसे कळव्याचे महापालिकेचे किंवा नेरूळ आणि कामोठ्याची खासगी महाविद्यालयांची, यांचा विचार लोक सहसा शेवटी करतात. महाविद्यालयाला शिकवण्यासाठी रुग्ण हवे असतात, म्हणून तिथे तपासणी अनेकदा स्वस्त असते आणि शिकाऊ डॉक्टर आजाराचा इतिहास सविस्तर विचारतात. उणीव एवढीच, की ते डॉक्टर बदलत राहतात. निदानाबाबत दुसरे मत घ्यायचे असेल, तर मी प्रथम इथेच जाण्याचा सल्ला देईन.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत १९६५ साली मेडिकेड ही गरिबांसाठीची सरकारी आरोग्य योजना आली, तेव्हा प्रौढांसाठी सोळाहून अधिक खाटांच्या मनोरुग्णालयांतील उपचारांना केंद्राचा पैसा सहसा मिळणार नाही, अशी व्यवस्था होत गेली. राज्यांनी जुनी रुग्णालये रिकामी केली, वस्तीतली केंद्रे मात्र पुरेशी उभी राहिली नाहीत आणि पुष्कळ रुग्ण रस्त्यावर किंवा तुरुंगात पोहोचले. इंग्लंडने २००८ पासून संवादोपचारांवर सरकारी पैसा लावला, आणि त्यामागचा एक मोठा युक्तिवाद आर्थिकच होता, की बरा झालेला माणूस कामावर परततो आणि खर्च भरून निघतो. हा युक्तिवाद उपयोगी पडला, पण मला तो अपुरा वाटतो. जो पुन्हा कामावर जाऊ शकणार नाही, त्याच्या उपचाराचे समर्थन या हिशेबात बसत नाही.

आता निवड. पहिलाच झटका तीव्र असेल, झोप आणि जेवण सुटले असेल, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्याची भीती असेल, तर सरकारी रुग्णालयाची लाज बाळगू नका. खासगी नर्सिंग होम निवडलेच, तर त्याची २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार नोंदणी आहे का ते विचारा, आणि रुग्णाच्या संमतीवाचून दाखल करताना पहिली मुदत जास्तीत जास्त ३० दिवसांची असते हे लक्षात ठेवा. काम चालू ठेवता येईल असे नैराश्य किंवा चिंताविकार असेल आणि मिळकत स्थिर असेल, तर खासगी तज्ज्ञ अधिक सोयीचा. पण सुरुवातीलाच तीन वर्षांचा खर्च मांडा आणि जनऔषधी केंद्रात मिळणारे औषध चालेल का, हे डॉक्टरांना न संकोचता विचारा. संवादोपचारासाठी केवळ दवाखान्यांवर अवलंबून राहू नये. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या आयपीएचसारख्या (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) संस्था आहेत, आणि तातडीच्या बोलण्यासाठी टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक आहे.

आम्ही शेवटी मिश्र मार्ग धरला. निदानाची खात्री ट्रस्टच्या रुग्णालयात करून घेतली, औषधे सरकारी बाह्यरुग्ण विभागातून घेतो, आणि तीन महिन्यांतून एकदा त्याच जुन्या खासगी डॉक्टरांना भावाला दाखवतो. त्यांचे शुल्क आम्ही दिवाळीच्या बोनसमधून वर्षाचे एकदम बाजूला काढतो, म्हणजे महिनाअखेरीच्या ओढाताणीत त्या भेटीवर काट बसत नाही.