मांजरीच्या फोटोची फ्रेम : भुसावळचे फ्रेमवाले आप्पा

पाचपैकी चार. एक का कापला ते पुढं सांगतो.

दुकान जामनेर रोडच्या आतल्या गल्लीत. पाटीवरचं नाव उन्हानं उडालंय, पण 'फ्रेमवाले आप्पा' म्हटलं की पानटपरीवाला हात करतो. आत देव, महापुरुष, निवृत्तीची मानपत्रं आणि एका भिंतीला टेकवून ठेवलेले घरोघरचे आजोबा-आजी. मी गेलो होतो मांजरीचा फोटो घेऊन.

तिचं नाव टीसी. अंगात काळा कोट, छातीवर पांढरा शर्ट, आणि दारात आलेल्या प्रत्येकाच्या चपला हुंगून झाल्याशिवाय त्याला आत सोडायची नाही. मी लोको पायलट. मालगाडीवरून रात्री अडीच-तीनला घरी यायचो तेव्हा सगळे गाढ झोपलेले, जागी फक्त ही. बूट काढेपर्यंत गाल घासत बसायची. बायकोनं कधी एवढं स्वागत केलं नाही, आणि त्या वेळी केलंही नसतं. मी रिटायर झालो तरी बाईसाहेब तीनला उठून दाराकडे तोंड करून बसायच्या. मी मागं पलंगावर असायचो, त्याचं तिला काही नाही.

किडन्या गेल्या. म्हाताऱ्या मांजरींत हे फार होतं. पाणी जास्त पितात, लघवी वाढते, वजन उतरतं, आणि आपल्या लक्षात येतं तोवर किडनीचा मोठा भाग कामातून गेलेला असतो. डॉक्टरांनी घरीच सलाईन द्यायला शिकवलं. शीर शोधायची नाही. मानेमागची सैल कातडी चिमटीत उचलायची आणि तिच्याखाली सुई घालायची. पाणी कातडीखाली साचतं, खांद्यावरून लोंबतं आणि काही तासांत जिरतं. तेवढा वेळ ती एका बाजूनं फुगलेली, पण चालायची मात्र तपासणीला निघाल्यासारखी. काही महिने चांगले गेले. मग खाणं सुटलं.

लिंबाखाली खोल खड्डा करून पुरली, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर फरशी ठेवली. त्यानंतर लोकांचं सुरू झालं. 'मांजरच ना? दुसरी आणा.' एका काकूंनी तर 'काळी होती, सुटलात' म्हणून मोकळं केलं. लॉबीतल्या, म्हणजे गाडीवर जाण्याआधी आम्ही हजेरी लावायचो तिथल्या, जुन्या दोस्तांपुढं विषयच काढला नाही. घरात कुणी गेलं की लोक येऊन बसतात, पिठलं-भाकरी आणून देतात. मांजरीसाठी कोण येणार? जेवायला बसलं की घास फिरायचा, आणि कारण सांगायची सोय नाही.

फोटोसाठी आधी जळगावात एका चकचकीत स्टुडिओत गेलो. पोरगं म्हणालं, "काका, क्यूट आहे! मगवर छापू? सोबत कीचेन फ्री." त्याचा दोष नाही, त्याच्याकडे तेच चालतं. मी तसाच परत आलो.

आप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला, मोबाईल हातात घेतला, बराच वेळ पाहिला. "कव्हा गेली?" सांगितलं. "दुखनं काय व्हतं?" तेही सांगितलं. मग वही उघडून बाकीच्यांना विचारतात तेच विचारायला लागले: नाव काय लिहू, तारीख का तिथी, हार छापायचा का खरा घालाल, कॉप्या किती. तिथीवर मी हसलो. ते हसले नाहीत. "काही लोक तिथीच सांगतात, भाऊ," एवढंच. वहीत माझ्या वरच्या ओळीत कुणाच्या तरी वडिलांची १२×१८ होती, खाली 'टीसी (मांजर), ८×१२, मॅट, हार नको.' तिच्या जाण्याची कुठंतरी नोंद झाली. चहा आला. खूप दिवसांनी मी टीसीबद्दल पोटभर बोललो, आणि आप्पा काच कापता कापता हुंकार देत होते.

आता कामाचं. काळ्या जनावराचा फोटो छापणं अवघड. काळं तसंच सोडलं तर नुसता डाग दिसतो, उजळवलं तर केस राखाडी होतात आणि पांढरी छाती जळून जाते. आप्पांच्या मुलानं कॉम्प्युटरवर फक्त काळा भाग हळूहळू उचलला. मिशा वेगवेगळ्या दिसतात, उजव्या कानाची भांडणात फाटलेली कड दिसते. मूळ फोटो मात्र चांगला द्या. ८×१२ इंचाला ३०० डीपीआयनं, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, २४००×३६०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलात तर फोटोचे पिक्सेल कमी होतात, म्हणून डॉक्युमेंट करून पाठवा. काच आणि फोटोच्या मध्ये माउंटची पट्टी आप्पा न मागता घालतात. ती हवीच, नाहीतर पावसाळ्यात फोटो काचेला चिकटतो.

एक मार्क गेला तो कोपऱ्यांसाठी. खालचा डावा सांधा नीट बसलेला नाही, फट मेणानं बुजवलीय. जवळून कळतं. शिवाय 'परवा या' म्हणाले त्या परवाला फ्रेम तयार नव्हती. पितृपक्ष तोंडावर होता, घरोघरचे पूर्वज रांगेत पुढं होते. घाई असेल तर त्या पंधरवड्यात जाऊ नका. सिंथेटिक फ्रेम, माउंट, प्रिंट सगळं मिळून ४५० रुपये घेतले. सागवानी मागितली तर बरीच जास्त पडते. वाळवीचा त्रास असलेल्या घरात सिंथेटिकच बरी.

घरी फ्रेम लावायची कुठं यावर थोडं वाजलं. आई-दादांच्या रांगेत मांजर नको, असं बायकोचं म्हणणं. मलाही ते पटलं. पश्चिमेच्या भिंतीवर नको, असं आप्पांनीच बजावलं होतं, आपल्याकडच्या उन्हानं वर्षा-दोन वर्षांत रंग उडतो. शेवटी चपलांच्या रॅकच्या वर खिळा ठोकला बायकोनंच. तिथंच तिची ड्युटी होती, म्हणाली.

नाशिकच्या मुलीला एक कॉपी हवीय. कुरिअरनं पाठवायची तर काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक सांगा, ते सहजी फुटत नाही, फक्त चरे लवकर पडतात. ती ऑर्डर मी दसऱ्यानंतर देणार आहे, आणि या वेळी कोपरे दुकानातच बोट फिरवून बघणार.