खाऊ की पट्ट्याचा झटका?

साताऱ्यात सकाळी अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर कुत्रा फिरवणारे दोन तऱ्हेचे दिसतात. कुत्र्याला शिकवायला काहींच्या खिशात फक्त खाऊ असतो. काही खाऊही देतात आणि पट्ट्याला झटकाही. याला ‘बॅलन्स्ड ट्रेनिंग’ म्हणतात.

झटका दिला की कुत्र्याचं ओढणं लवकर थांबल्यासारखं दिसतं, हे खरं. पण मोर दिसला, कुत्रा धावला आणि गळ्याला आचका बसला, तर ते दुखणं तो मोराशी किंवा शेजारून जाणाऱ्या काकांशीही जोडू शकतो. गुरगुरल्यावर फटका दिला तर गुरगुरणं बंद होतं, भीती तशीच राहते. मग इशारा न देता चावा! मला याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते.

खाऊच्या पद्धतीला चिकाटी लागते. कुत्रा नीट वागला की बक्षीस एक-दोन सेकंदांत मिळायला हवं, आणि आजी ‘बस’ तर नातू ‘सिट’ म्हणाला की कुत्रा गोंधळतो. अमेरिकेतल्या प्राणीवर्तनाच्या पशुवैद्यक संघटनेने २०२१ मध्ये सर्व कुत्र्यांसाठी बक्षिसाचीच पद्धत सुचवली. माझंही मत तेच.

याचा अर्थ मोकाट सोडणं नव्हे. त्याने ओढलं की आपण जागच्या जागी थांबायचं. पट्टा सैल झाला की पुन्हा चालायचं.